विमानतळावरचा लाउंज: विमान कंपनीची श्रेणी, कार्ड आणि मराठवाड्यातल्या प्रवाशाची पूर्वतयारी

परभणी, लातूर किंवा बीडहून परदेशी निघालेल्या प्रवाशाचा विमानतळावर जाणारा वेळ मुंबई-पुण्याच्या प्रवाशापेक्षा पुष्कळ जास्त असतो. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेस मुंबईला सकाळीच पोहोचवते आणि युरोप-अमेरिकेकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. नांदेड, देगलूर, उदगीरकडची मंडळी ट्रॅव्हल्सने हैदराबाद गाठतात आणि रस्त्यात उशीर होईल या धास्तीने घरूनच काही तास आधी निघतात. त्यात प्रवासी जर साठी-सत्तरी ओलांडलेले, लेकाकडे किंवा लेकीकडे निघालेले आई-वडील असतील, तर बसायला नीट जागा, गरम जेवण, स्वच्छ स्वच्छतागृह आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय या चार गोष्टी त्यांच्यासाठी चैनीच्या राहत नाहीत. लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या राखीव विश्रांतीकक्षात, नेमक्या याच गोष्टी मिळतात, आणि तिथवर पोहोचण्याचे मार्ग आधीच समजून घेतले तर त्यासाठी फार पैसे मोजावे लागत नाहीत.

एक मर्यादा मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. प्रवासी ज्या लाउंजचा विचार करतात ते बहुतेक लाउंज सुरक्षा तपासणीच्या आत असतात, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात इमिग्रेशनच्याही पुढे. सामान स्वीकारणारे काउंटर सामान्यतः उड्डाणाच्या तीन-चार तास आधी उघडते, आणि लाउंजही बहुधा उड्डाणाच्या तीन तास आधीपासूनच प्रवेश देतो व दोन-तीन तासच बसू देतो. त्यामुळे सकाळी मुंबईत उतरून रात्री दोनच्या विमानाची वाट पाहणाऱ्याला दिवसभराचा आसरा लाउंज देऊ शकत नाही. तो वेळ नातेवाइकांकडे, रेल्वे स्थानकाच्या विश्रामकक्षात किंवा एखाद्या हॉटेलात काढण्याची सोय वेगळी करावी आणि लाउंजकडून शेवटच्या दोन-तीन तासांचीच अपेक्षा ठेवावी.

आधी आपला प्रवास कागदावर मांडा

कार्डाची जाहिरात पाहण्यापूर्वी येत्या वर्षभरातले संभाव्य विमानप्रवास एका कागदावर लिहून काढावेत. प्रत्येक प्रवासासमोर तीन गोष्टी नोंदवाव्यात: कोणत्या विमानतळावर थांबावे लागणार, कोणत्या कंपनीचे विमान, आणि सोबत कोण. चिकलठाण्याच्या किंवा नांदेडच्या विमानतळावर प्रवासी फार वेळ थांबत नाही. खरा थांबा मुंबई, दिल्ली, हैदराबाद येथे किंवा दुबई, दोहा, फ्रँकफर्टसारख्या मधल्या विमानतळावर असतो. म्हणून लाउंजची सोय याच ठिकाणी आहे की नाही, ते पाहायचे.

ठिकाण लिहिताना टर्मिनलही लिहावे. हैदराबादला देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवास एकाच टर्मिनलमधून होतो, त्यामुळे तिथे गोंधळ कमी. मुंबईत मात्र टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्यात रस्त्याने जावे लागते, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. संभाजीनगरहून मुंबईपर्यंत एका कंपनीचे आणि पुढे दुसऱ्या कंपनीचे स्वतंत्र तिकीट काढले असेल, तर मुंबईत सामान ताब्यात घेऊन, पुन्हा काउंटरवर देऊन, सुरक्षा तपासणी नव्याने करावी लागते. अशा प्रवासात उतरल्या टर्मिनलच्या देशांतर्गत लाउंजचा काही उपयोग नाही. पुढचे विमान जिथून सुटते तिथलाच आंतरराष्ट्रीय लाउंज आपल्या कामाचा.

लाउंजमध्ये जाण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत: तिकिटाचा वर्ग, वारंवार प्रवास करणाऱ्या सदस्याला विमान कंपनीने दिलेली श्रेणी (सदस्यश्रेणी) आणि बँकेचे कार्ड. रोख पैसे भरून प्रवेश हा चौथा मार्ग बहुतेक ठिकाणी असतो, पण गर्दीच्या वेळी तो हमखास मिळेल असे धरून चालू नये.

तिकिटाच्या वर्गाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच की, बिझनेस क्लासच्या तिकिटात लाउंज धरलेला असतो, परंतु सर्व तिकिटांत नसतो. कतार एअरवेजच्या सर्वांत स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंजचा समावेश नाही, आणि इतरही काही कंपन्या सवलतीच्या भाड्यातून हा हक्क वगळतात. तिकीट काढताना भाड्याच्या अटींत लाउंजचा स्पष्ट उल्लेख शोधावा. पैसे भरून किंवा माइल्स (विमान कंपनीकडे साठलेले प्रवासाचे गुण) खर्चून वरचा वर्ग मिळवला असेल, तर त्यासोबत लाउंज मिळतो की नाही हे कंपनीला स्वतंत्रपणे विचारावे.

विमान कंपनीची श्रेणी कोणाला परवडते

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातून कामानिमित्त वरचेवर जर्मनी-जपानला जाणारे अभियंते, जालन्याचे बियाणे किंवा पोलाद व्यवसायातले लोक, परदेशी परिषदांना जाणारे डॉक्टर यांच्यासाठी सदस्यश्रेणीचा मार्ग सर्वांत चांगला आहे, कारण तिकिटाचे पैसे बहुधा कंपनी भरते आणि श्रेणी मात्र प्रवाशाच्या नावावर जमा होते. वर्षातून एकदा मुलांकडे जाणाऱ्यांनी या मार्गाच्या मागे लागू नये.

जगातल्या बऱ्याच मोठ्या विमान कंपन्या तीन संघांत वाटल्या गेल्या आहेत: १९९७ साली स्थापन झालेला स्टार अलायन्स, १९९९ चा वनवर्ल्ड आणि २००० चा स्कायटीम. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश एअरलाइन्स, युनायटेड या त्याच संघातल्या. ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, जपान एअरलाइन्स वनवर्ल्डमध्ये आहेत, तर एअर फ्रान्स आणि केएलएम स्कायटीममध्ये. संघातल्या कोणत्याही एका कंपनीत वरची श्रेणी मिळवली की त्या संघातल्या इतर कंपन्यांच्या विमानांनी जातानाही लाउंजचा हक्क मिळतो, आणि इकॉनॉमीचे तिकीट असले तरी मिळतो. स्टार अलायन्समध्ये या पातळीला गोल्ड म्हणतात, वनवर्ल्डमध्ये सफायर आणि त्याहून वरची एमराल्ड, तर स्कायटीममध्ये एलिट प्लस. स्टार गोल्ड सदस्याला सोबत एक पाहुणा नेता येतो, मात्र पाहुण्याकडेही त्या संघातल्या विमानाचे तिकीट असावे लागते.

अपवाद आहेत आणि ते ऐनवेळी अडवतात. युनायटेडच्याच सदस्यत्व-कार्यक्रमातून गोल्ड झालेल्या सदस्याला अमेरिकेतल्या निव्वळ देशांतर्गत प्रवासात युनायटेडच्या लाउंजमध्ये या श्रेणीवर जाता येत नाही. स्कायटीमचा लाउंज हक्क मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रवासापुरता आहे. हक्क ठरतो तो प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीवरून, तिकिटावर छापलेल्या विमान-क्रमांकावरून नव्हे. नाव जवळचे असले तरी एअर इंडिया एक्स्प्रेस स्टार अलायन्समध्ये नाही. इंडिगो कोणत्याच संघात नाही, त्यामुळे संभाजीनगर-मुंबई हा टप्पा इंडिगोने केला तर स्टार गोल्ड त्या टप्प्यासाठी कामाला येत नाही. मुंबईहून पुढे लुफ्तान्साने जाताना मात्र येतो. एमिरेट्सही संघाबाहेरची. तिच्या सिल्व्हर सदस्याला लाउंज मिळतो तो दुबईत. इतर शहरांतल्या एमिरेट्सच्या लाउंजसाठी गोल्ड व्हावे लागते.

श्रेणी मिळवायची तर सर्व प्रवास एकाच सदस्यक्रमांकावर जमा करावेत. एका खेपेला लुफ्तान्साच्या, दुसऱ्या खेपेला एअर इंडियाच्या आणि तिसऱ्या खेपेला सिंगापूरच्या क्रमांकावर नोंद केली, तर तिन्ही खाती अर्धवट राहतात. कार्यालयातला तिकीट काढणारा माणूस हा क्रमांक दरवेळी टाकेलच असे नाही, म्हणून बोर्डिंग पासवर तो छापून आला आहे का ते पाहावे, आणि गुण खात्यात दिसेपर्यंत तो पास जपून ठेवावा. राहून गेलेली नोंद पुढे मागून घेताना तोच पुरावा असतो. अतिस्वस्त भाड्यांवर भागीदार कंपन्या कधी फार कमी गुण देतात, तर कधी मुळीच देत नाहीत, हेही तपासावे. एअर इंडियाने २०२४ साली आपल्या कार्यक्रमाची फेररचना करून गुण अंतराऐवजी खर्चावर मोजायला सुरुवात केली आणि पुढे त्याचे नाव महाराजा क्लब असे ठेवले. जुन्या हिशेबाने आपण गोल्डच्या जवळ आहोत असे समजणाऱ्याने नवे नियम वाचलेलेच बरे.

कार्ड: बहुतेक घरांसाठी हाच मार्ग

नवे कार्ड घेण्याआधी घरातली कार्डे तपासावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रूपे प्लॅटिनम आणि रूपे सिलेक्ट या प्रकारच्या डेबिट कार्डांवरही देशांतर्गत लाउंजची सुविधा दिली जाते. ज्यांचे पगार किंवा निवृत्तिवेतन राष्ट्रीयीकृत बँकेत जमा होते अशा पुष्कळ शिक्षकांच्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कपाटात असे कार्ड नुसते पडून असते. कार्डाचा प्रकार त्याच्यावरच छापलेला असतो. तो पाहून बँकेच्या संकेतस्थळावर सध्याच्या अटी वाचाव्यात.

अटींवर एवढा भर देण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत त्या सतत कडक होत गेल्या आहेत. पूर्वी कार्ड दाखवले की आत सोडत. आता आधी ठरावीक खर्च दाखवावा लागतो. एचडीएफसी बँकेने आपल्या रेगालिया कार्डासाठी १ डिसेंबर २०२३ पासून तिमाहीत १ लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने अनेक कार्डांसाठी १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट आणली आणि त्याच वर्षी ती आणखी वाढवली. अनेक कार्डांवर हक्क थेट स्वाइपवर न मिळता बँकेच्या ॲपमधून व्हाउचर काढून मिळतो. लाउंज आणि बँका यांच्यामधले मध्यस्थही बदलत आहेत: ड्रीमफोक्स या भारतीय कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आपली देशांतर्गत लाउंज सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या व्यवस्था बँकांना नव्याने उभाराव्या लागल्या. म्हणून मागच्या दिवाळीत शेजाऱ्याला मिळालेला प्रवेश यंदा आपल्याला मिळेल असे समजू नये.

‘आधीच्या तिमाहीतला खर्च’ ही अट नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रवास १० मे रोजी असेल, तर जानेवारी ते मार्च या काळातला खर्च मोजला जातो. एप्रिलमध्ये तिकिटावर केलेला मोठा खर्च जुलै-सप्टेंबरच्या प्रवासाला उपयोगी पडतो. लग्नसराईची खरेदी, विम्याचा हप्ता, महाविद्यालयाची फी असे मोठे आणि तसेही करावेच लागणारे खर्च योग्य तिमाहीत कार्डावर आणता आले तर ही अट सहज पूर्ण होते. घरभाडे, इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांसारखे खर्च अनेक बँका या हिशेबात धरत नाहीत, तेव्हा वगळलेल्या खर्चांची यादी आधी पाहावी. अट पूर्ण करण्यासाठी गरज नसलेली खरेदी मात्र मुळीच करू नये. थकीत रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागले, तर २०,००० रुपयांवर दरमहा ७०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी पडतो. तेवढ्या पैशांत विमानतळावर दोघांचे जेवण होते. त्याचप्रमाणे २,५०० रुपये वार्षिक शुल्काचे कार्ड जीएसटी धरून २,९५० रुपयांना पडते, आणि वर्षातून एकदाच एकट्याने लाउंज वापरणाऱ्याला तो सौदा परवडत नाही.

शेती हेच उत्पन्न असलेल्या आणि आयकर विवरणपत्र न भरणाऱ्या कुटुंबांना कार्ड नाकारले जाण्याचा अनुभव नेहमीचा आहे. अशा वेळी मुदत ठेवीवर दिले जाणारे क्रेडिट कार्ड विचारावे. ठेव तारण राहते, तिचे व्याज चालू राहते, आणि अशा काही कार्डांवर लाउंजही मिळतो.

आता मराठवाड्यातल्या प्रवाशासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कार्डाच्या माहितीपत्रकात ‘देशांतर्गत’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ असे दोन आकडे असतात. आंतरराष्ट्रीय आकड्यामागे बहुधा प्रायॉरिटी पास असतो. १९९२ मध्ये सुरू झालेले हे सदस्यत्व जगभरच्या लाउंजमध्ये चालते. पण भारतीय बँकांनी दिलेल्या अनेक प्रायॉरिटी पासवर मोफत भेटी फक्त भारताबाहेरच्या लाउंजमध्ये असतात. तोच पास मुंबईच्या किंवा हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय बाजूला दाखवला की आत सोडतात, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात डॉलरमधली रक्कम, तिच्यावर कर आणि परकीय चलनाचा अधिभार असे सगळे दिसते. देशांतर्गत भेटींचा हक्क आंतरराष्ट्रीय टर्मिनलमध्ये चालेलच असेही नाही. म्हणून बँकेला प्रश्न असा विचारावा: “मुंबईच्या टर्मिनल २ वरून परदेशी जाताना, इमिग्रेशननंतरच्या कोणत्या लाउंजमध्ये, कोणते कार्ड दाखवून, विनाशुल्क प्रवेश मिळेल?” उत्तर ई-मेलवर मागावे.

आई-वडील एकटे निघणार असतील तर

मुलाकडे गोल्ड श्रेणी असली तरी तो सोबत नसताना तिचा आई-वडिलांना उपयोग होत नाही. मुलाचे कार्ड त्यांच्या हाती देऊनही भागत नाही, कारण लाउंजच्या काउंटरवर कार्डावरचे नाव बोर्डिंग पासशी ताडून पाहतात. उपाय म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावाचे ॲड-ऑन कार्ड, म्हणजे मुलाच्या मूळ कार्डाला जोडून मिळणारे कार्ड. बँका ते आई, वडील, जोडीदार आणि सज्ञान मुले यांना देतात. मात्र ॲड-ऑन कार्डावर लाउंज वेगळा मिळतो, मूळ कार्डाच्या भेटींतून वजा होतो, की मिळतच नाही, हे प्रत्येक कार्डागणिक वेगळे असते. दोघांसाठी दोन ॲड-ऑन कार्डे लागतात. एका कार्डावर दोघे गेले तर दुसऱ्याचे पाहुणा म्हणून पैसे पडतात.

नावाची बाब इथे जपावी. आपल्याकडे पारपत्रावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव असते, तर कार्डावर बँक कित्येकदा आद्याक्षरे छापते. ॲड-ऑन कार्डाचा अर्ज भरतानाच ‘कार्डावर हवे असलेले नाव’ या रकान्यात पारपत्राप्रमाणे नाव आणि आडनाव पूर्ण लिहावे.

काउंटरवर नेमके काय घडते ते आई-वडिलांना घरीच करून दाखवावे. कर्मचारी बोर्डिंग पास आणि कार्ड मागतो, मशीनवर बहुधा दोन रुपयांचा व्यवहार करतो आणि पिन टाकायला सांगतो. पिन पाठ नसेल किंवा कार्ड मिळाल्यापासून एकदाही वापरलेले नसेल, तर व्यवहार तिथेच अडतो. मुलगा त्या वेळी अमेरिकेत झोपलेला असतो आणि ओटीपी जातो त्याच्या फोनवर. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी त्याच कार्डाने गावातल्या औषधांच्या किंवा किराणा दुकानात पिन टाकून एखादी छोटी खरेदी करावी. परदेशातल्या लाउंजसाठी आणखी एक काम आहे: रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार नव्या कार्डांवरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आपण सांगेपर्यंत बंद असतात, ते ॲपमधून सुरू करून ठेवावेत.

व्हीलचेअरची मागणी केली असेल, तर सोबतचा मदतनीस प्रवाशाला थेट गेटजवळ नेऊन बसवतो. त्याला सुरक्षा तपासणी संपताच लाउंजचे नाव सांगावे आणि पुन्हा न्यायला किती वाजता यायचे हे ठरवून घ्यावे. लाउंजमध्ये उड्डाणाच्या घोषणा होतीलच असे नाही, म्हणून बोर्डिंगच्या वेळेआधी चाळीस-पन्नास मिनिटांचा गजर मोबाइलवर लावून द्यावा. दोन वर्षांखालच्या बाळाला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. त्यापुढच्या मुलांचे पडतात.

त्या दिवशी, आणि परतल्यावर

लाउंज भरलेला असल्यामुळे थांबायला सांगणे हल्ली नित्याचे झाले आहे. मुंबई-हैदराबादला पहाटे आणि मध्यरात्रीच्या आसपास रांगा लागतात. गेटपर्यंत जायला लागणारा वेळ वजा करून हाताशी पाऊण तासही उरत नसेल, तर रांगेत उभे न राहता गेटजवळ बसून डब्यातले धपाटे खाल्लेले उत्तम. वेळ भरपूर असेल तर त्याच टर्मिनलमध्ये आपल्या कार्डावर चालणारा दुसरा लाउंज आहे का ते पाहावे; ही यादी बँकेच्या किंवा प्रायॉरिटी पासच्या ॲपवरून आदल्या दिवशी मोबाइलमध्ये साठवून ठेवावी.

मशीनने कार्ड नाकारले, तर कर्मचाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो. नकाराची पावती मागून घ्यावी, ती मिळत नसेल तर पडद्याचे छायाचित्र काढावे, आणि दुसरे कार्ड जवळ असल्यास ते द्यावे. पैसे भरून आत जायचे ठरवलेच, तर त्याचीही पावती जपावी.

फक्त लाउंजसाठी ठेवलेले क्रेडिट कार्ड वर्षभर अजिबात वापरले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँक आधी कळवते आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास ते बंद करते. गावाकडच्या जुन्या पत्त्यावर किंवा बदललेल्या मोबाइल क्रमांकावर ही सूचना गेली तर ती हाती पडतच नाही, म्हणून संपर्काचे तपशील अद्ययावत ठेवावेत आणि त्या कार्डावर अधूनमधून लहानसा खर्च करावा.

प्रवासानंतरची दोन महिन्यांची बिले ओळ न ओळ वाचावीत, कारण प्रायॉरिटी पासची आकारणी उशिरा येते. मोफत भेटीचे पैसे लावलेले आढळले, तर तारीख, लाउंजचे नाव, बोर्डिंग पासची प्रत आणि बँकेच्या त्या ई-मेलची प्रत जोडून लेखी तक्रार करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन दाद मागता येते. तिच्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक उपलब्ध आहे.